बाटल्यांचा माणूस

सकाळी नऊच्या सुमारास आम्ही दोघं मिळून एका माणसाला पलंगावर निजवतो. त्याला डोकं आहे, नाक-डोळे नाहीत. तो दहा प्लास्टिकच्या बाटल्यांचा बनला आहे: डोकं, मान, छाती, पोट, दोन हात, दोन मांड्या, दोन पोटऱ्या. कागदोपत्री त्याचं नाव ‘बोमॅब फॅन्टम’. आमचा हेल्पर त्याला ‘बाटलीबाबा’ म्हणतो आणि आता सगळेच तसं म्हणतात.

बाबा उचलणं सोपं नाही. छातीची बाटली एकट्याने उचलायला गेलं की कंबर धरते. निजवण्याआधी प्रत्येक झाकण आवळून पाहायचं, सांध्यावरून फिल्टर पेपरचा तुकडा फिरवायचा आणि तो वेगळा मोजायचा. थेंबभर जरी झिरपलं असेल तरी दिवस फुकट. कारण आत नुसतं पाणी नसतं. त्यात सीझियम-१३७ आणि कोबाल्ट-६० मोजून घातलेलं असतं. ते बाटलीच्या भिंतींना चिकटून बसू नये, पाण्यात सारखं मिसळून राहावं म्हणून थोडं आम्लही असतं.

तारापूर असो, कैगा असो की कल्पक्कम, अणुवीज प्रकल्पात काम करणाऱ्याच्या छातीवर टीएलडी बॅज असतो. तो बाहेरून लागलेलं रेडिएशन सांगतो. पण श्वासातून किंवा तोंडावाटे काही आत गेलं असेल तर बॅजला त्याचा नेमका पत्ता लागत नाही. त्यासाठी ‘बॉडी काउंटिंग’. माणसाने निजायचं, पलंग हळूहळू डिटेक्टरखालून सरकतो. शिशाच्या जाड कवचात सोडियम आयोडाइडचा स्फटिक बसवलेला असतो, आपल्या मिठाचाच लांबचा भाऊ. शरीरातून निघालेला गॅमा किरण त्यावर आदळला की क्षणभर चमक उठते. यंत्र ती चमक मोजतं आणि ती किती तेजस्वी होती यावरून किरण कोणाचा ते ओळखतं.

खरी गोम इथेच आहे. यंत्राला बेकरेल, म्हणजे किरणोत्साराचं माप, कळत नाही; चमका कळतात. शरीरातून निघालेले बहुतेक किरण भलतीकडेच जातात, काही मांसातच विरतात. स्फटिकापर्यंत पोचतात ते थोडेच. ते थोडे म्हणजे नेमके किती, हे ज्याच्या पोटात काय घातलंय ते आपल्याला आधीपासून ठाऊक आहे असाच माणूस सांगू शकतो. तो हा बाटलीबाबा. वाण्याचा तराजू कितीही चकचकीत असो, वैधमापनवाल्यांचा शिक्का असलेलं वजन पारड्यात पडल्याशिवाय त्याचं खरं-खोटं होत नाही, तसंच हे.

तराजूचा पासंग आधी पाहतात. आमचा पासंग म्हणजे बॅकग्राउंड. खोलीत कोणी नसतानाही यंत्र मोजतच असतं: भिंतीतलं पोटॅशियम, जमिनीतलं युरेनियम-थोरियम, आकाशातून येणारे वैश्विक किरण. म्हणून शिशाची किंवा पोलादाची कवचं. पोलादही निवडून घ्यावं लागतं. १९४५ नंतरच्या पोलादात मानवनिर्मित किरणोत्साराचा अंश उतरू लागला, म्हणून जुन्या काउंटरांसाठी स्कॉटलंडजवळच्या स्कापा फ्लो इथे १९१९ मध्ये बुडवलेल्या जर्मन युद्धनौकांचं पोलाद वापरलं गेलं.

त्यातही एक खोच आहे. रिकाम्या पलंगाचं बॅकग्राउंड वजा केलं तर हिशेब चुकतो. माणूस निजला की त्याचं शरीर स्वतःच बाहेरून येणारे काही किरण अडवतं, म्हणजे प्रत्यक्ष बॅकग्राउंड कमी असतं आणि आपण जास्त वजा करून बसतो. म्हणून बाबाचा एक जुळा भाऊ आहे. तशाच दहा बाटल्या, आत साधं पाणी. आधी तो निजतो, मग हा. २०११ च्या अणुदुर्घटनेनंतर फुकुशिमात आजूबाजूची जमीनच दूषित झाली होती. तिथे ही वजाबाकी म्हणजे मोठीच डोकेदुखी होती.

सगळ्याआधी रोजचं एक काम असतं. सीझियमचा छोटा सोर्स ठरलेल्या जागी ठेवून आलेखावर त्याचं ६६२ केईव्ही ऊर्जेचं शिखर जागेवर आहे का ते बघायचं. एकदा पावसाळ्यात रात्रभर एसी बंद पडला. सकाळी शिखर सरकलेलं. स्फटिक तापला की त्याची चमक बदलते, मग यंत्र एकाला दुसराच समजू लागतं. भिंतीवरच्या तक्त्यात मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन रेषा असतात. आतली सावध करते, बाहेरची काम थांबवते. त्या दिवशी ठिपका बाहेरच्या रेषेपलीकडे पडला आणि दुपारपर्यंत एकही माणूस घेतला नाही.

माझी स्वतःची चूक मात्र तारखेची होती. कोबाल्टचं आयुष्य तसं तोकडं, ५.२७ वर्षांत निम्मं होतं. म्हणजे १०,००० बेकरेल वर्षभरात ८,७७० वर येतात. नवा सोर्स आला होता आणि मी प्रोग्रॅममध्ये मागच्या वर्षीची तारीख तशीच राहू दिली. यंत्राला वाटलं, माल कमी आहे तरी चमका इतक्या! त्याने स्वतःला आहे त्याहून तल्लख ठरवलं. तसंच चालू राहिलं असतं तर प्रत्येकाचं कोबाल्ट १२ टक्क्यांनी कमी दिसलं असतं. पकडलं आलेखाने. ऊर्जा वाढते तशी कार्यक्षमतेची रेघ सरळ उतरत जायला हवी, पण कोबाल्टचे दोन ठिपके रेघेच्या वर उडालेले. आमचे सीनियर काही बोलले नाहीत. त्यांनी सोर्सचं प्रमाणपत्र माझ्यासमोर ठेवलं आणि तारखेवर बोट ठेवलं.

अधूनमधून परीक्षाही असते. बाहेरच्या प्रयोगशाळेतून भरलेल्या बाटल्या येतात, आत किती घातलंय ते सांगत नाहीत. आम्ही मोजून उत्तर पाठवायचं. एएनएसआय एन१३.३० या अमेरिकी मानकाच्या १९९६ च्या आवृत्तीत पास होण्याची हद्द लक्षात राहण्यासारखी होती: सरासरी उत्तर खऱ्यापेक्षा २५ टक्क्यांपर्यंत कमी चालायचं, पण जास्त मात्र ५० टक्क्यांपर्यंत. चूक व्हायचीच असेल तर जास्तीकडे व्हावी. जास्त सांगितलं तर माणूस पुन्हा तपासला जाईल, कमी सांगितलं तर तो घरी जाईल.

बाबा कपाटात गेला की खरी माणसं येतात. अणुभट्टी देखभालीसाठी बंद ठेवतात त्या शटडाऊनच्या दिवसांत रांग लागते. प्रत्येक जण स्वतःचा एक सोर्स घेऊन येतो, पोटॅशियम-४०. प्रौढ माणसात ते चार हजार बेकरेलच्या आसपास असतं आणि एखादं केळं जास्त खाल्लं म्हणून वाढत नाही, शरीर जादाचं बाहेर टाकतं. १४६० केईव्हीला त्याचं शिखर दिसलं नाही तर दोष माणसात नसतो, यंत्रात असतो. माणूस फारच किरकोळ किंवा फारच जाड असला तर बाबाचा हिशेब तंतोतंत लागू पडत नाही, तेही लक्षात ठेवावं लागतं. आणि ट्रिटियम तर आमच्या यंत्राला दिसतच नाही, त्यासाठी लघवीचा नमुना घ्यावा लागतो.

गेल्या शटडाऊनला एका फिटरमामांच्या आलेखात कोबाल्टची दोन शिखरं आली. त्यांचा चेहरा उतरला. साबण लावून अंघोळ केली, कपडे बदलले, पुन्हा निजले. शिखरं गायब. माती अंगावर होती, आत नव्हती.

“म्हणजे शून्य ना साहेब?” मामांनी विचारलं.

“शून्य नाही मामा. या यंत्राला जेवढं कमीत कमी दिसतं, त्याच्याही खाली.”

त्यांना ते फारसं पटलं नाही, पण मी रजिस्टरात शून्य लिहिलं नाही. आत काही सापडलं तर त्याचा डोस बॅजच्या डोसमध्ये मिळवायचा असतो, आणि अणुऊर्जा नियामक मंडळाची, म्हणजे एईआरबीची, मर्यादा त्या बेरजेला आहे: पाच वर्षांत १०० मिलिसिव्हर्ट, कुठल्याही एका वर्षात ३०. ती बेरीज बरोबर यायला आधी पासंग बरोबर लागतो. म्हणून उद्या सकाळी नऊला पहिल्यांदा निजेल तो साध्या पाण्याचा बाबा. मामांसारख्यांचा नंबर त्याच्यानंतर.