अभियंता ते व्यवस्थापन सल्लागार

अभियांत्रिकीची पदवी घेतलेला मुलगा यंत्राकडे न वळता व्यवस्थापन सल्लागार झाला, की चार वर्षे वाया गेली असे पालकांना वाटते. इतिहास वेगळे सांगतो. या व्यवसायाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक, अमेरिकेचे फ्रेडरिक टेलर, हे यांत्रिकी अभियंतेच होते. कामगाराच्या एकेका हालचालीस घड्याळ लावून त्यांनी श्रम मोजले आणि १८९३ पासून कारखान्यांना सल्ला दिला. (त्या मोजणीत कामगाराचा थकवा कितपत धरला होता, हे आम्ही वर्गात आवर्जून विचारतो.)

सल्ला विकायचा तर समोरच्याचा विश्वास लागतो. १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होण्यापूर्वी बाबासाहेबांनी शेअर-गुंतवणुकीविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय थाटला होता. जात कळताच ग्राहक फिरकेनासे झाले.

आज या क्षेत्राचे दार म्हणजे ‘केस’ मुलाखत. एका कंपनीचा नफा घटला, का? उमेदवाराने आधी उत्पन्न आणि खर्च वेगळे करावेत, उत्पन्नाची दर आणि विक्रीसंख्या अशी पुन्हा फोड करावी, मग आकडे विचारत नेमके काय ढासळले ते शोधावे. आमची मुले इंग्रजीला भितात. खरी कसोटी मात्र या फोडीची असते. अभियंत्याला तिची सवय असते, पण ती मोठ्याने बोलून दाखवण्याचा सराव एकट्याने होत नाही. नामांकित संस्थांत जोडीदार वसतिगृहातच भेटतो. आमच्या मुलांना तो बहुधा नसतो. या क्षेत्रातील माजी विद्यार्थ्यांनी रविवारी तासभर फोनवर प्रश्नकर्ते व्हावे, एवढीच आमची विनंती आहे.