गाडीची बॅटरी : घेताना, वापरताना आणि भंगारात देताना

मुदखेड तालुक्यातली फुलं पहाटे निघतात. झेंडू, गुलाब, निशिगंध उजाडायच्या आत नांदेडच्या बाजारात पोचला तर भाव, नाहीतर मिळेल त्या दराला द्यायचा. हैदराबादला जाणाऱ्या मालाची घाई त्याहून जास्त. दवाखान्याचं भाडं मारणाऱ्याचं आणि शाळेची व्हॅन चालवणाऱ्याचंही तेच. मुदखेड, बारड, भोकर, उमरी, अर्धापूर या पट्ट्यात आपले कितीतरी तरुण कर्जाने घेतलेल्या गाडीवर घर चालवतात. अशा गाडीने पहाटे ४ वाजता नुसतं टक्-टक् केलं आणि सेल्फ घेतला नाही, की त्या दिवसाची कमाई गेली. वर नव्या बॅटरीचा खर्च वेगळाच. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी साधारण ४ ते ५ हजारांच्या घरात जाते, डिझेल गाडीची त्याहून बरीच महाग. बँकेचा हप्ता त्यासाठी थांबत नाही.

म्हणून हा पैसा कधी घालायचा, कशावर घालायचा आणि जुनी बॅटरी कुणाच्या हातात द्यायची, हे नीट समजून घेऊ.

बॅटरीच गेली आहे का?

"भाऊ, गाडी सेल्फ घेईना." "बॅटरी गेली तुमची, बदलून टाका." हा संवाद गॅरेजवर रोज होतो आणि त्यात पुष्कळदा चांगली बॅटरी भंगारात जाते. सेल्फ न घेण्याची कारणं अनेक आहेत. टर्मिनल ढिलं असेल, त्यावर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल, बॉडीला जाणारी अर्थची वायर गंजली असेल, ऑल्टरनेटर चार्जिंग करत नसेल, त्याचा बेल्ट सैल असेल, नाहीतर खुद्द सेल्फ मोटरच खराब असेल. ऑल्टरनेटर बिघडलेला असताना नवी बॅटरी टाकली तर तीही थोड्याच दिवसांत बसते, आणि मग दोष कंपनीला दिला जातो.

तपासणी अवघड नाही. २०० ते ४०० रुपयांचा साधा मल्टिमीटर चालकाच्या डब्यात असावाच. गाडी रात्रभर बंद राहिल्यावर सकाळी, चावी फिरवण्याआधी, बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्ट मोजा. १२.६ किंवा जास्त म्हणजे बॅटरी भरलेली आहे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे जवळपास रिकामी. आता गाडी चालू करून पुन्हा मोजा. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा आला तर ऑल्टरनेटर काम करतोय. तो १२.५ वरच अडकला तर बॅटरीला हात लावू नका, ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा. आकडा १५ च्या वर गेला तर तेही वाईट, कारण जास्तीच्या चार्जिंगने बॅटरीतलं पाणी उकळल्यासारखं उडून जातं. नव्या काही गाड्यांत चार्जिंग संगणकावर चालतं आणि आकडा खालीवर होतो, तिथे लगेच घाबरू नये.

भरलेली बॅटरी सेल्फ मारताना ९.६ व्होल्टच्या खाली घसरत असेल तर मात्र ती खरंच म्हातारी झाली. दुकानदाराकडे लोड टेस्टर असतो. नवी बॅटरी मागण्याआधी "दादा, आधी लोड टेस्ट करून दाखवा," एवढं म्हणायला लाजू नका. बॅटरी रिकामी असेल तर आधी चार्जिंगला लावून मगच ही टेस्ट करायची, नाहीतर चांगली बॅटरीही नापास होते.

उन्हाळा, उभी गाडी आणि साऊंड

गाडीतली बॅटरी म्हणजे शिसं आणि सौम्य गंधकाम्ल. ही जोडी फ्रेंच शास्त्रज्ञ गॅस्तों प्लान्ते यांनी १८५९ मध्ये शोधली आणि बनावट कितीही सुधारली तरी मूळ तत्त्व तेच आहे. आत सहा कप्पे असतात, प्रत्येकात २ व्होल्टपेक्षा थोडं जास्त, मिळून १२ च्या वर. एक कप्पा मेला की बाकीचे पाच ठणठणीत असून उपयोग नाही.

थंडीत बॅटरी मरते असा आपल्याकडे समज आहे. खरं तर ती मे महिन्यात मरते आणि डिसेंबरच्या पहाटे फक्त कळते. रासायनिक क्रियेचा ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की क्रिया सुमारे दुप्पट वेगाने होते. आतल्या जाळ्या गंजण्याची क्रियाही त्यातच आली. नांदेड जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो, आणि बोनेटखाली त्याहून कितीतरी जास्त तापतं. म्हणून थंड मुलखात पाच-सहा वर्षं टिकणारी बॅटरी मराठवाड्यात तीन-चार वर्षांत दमली तर नवल नाही. सावलीत गाडी लावणं हा यावरचा फुकटातला उपाय आहे. काही गाड्यांत बॅटरीभोवती जाड कापडाचं किंवा प्लास्टिकचं आवरण येतं. मेकॅनिक ते काढून फेकतात, ते उष्णतेसाठी असतं, परत बसवून घ्या.

दुसरी गोष्ट उभ्या गाडीची. गाडी बंद असली तरी घड्याळ, सेंट्रल लॉक, जीपीएस थोडा करंट घेतच राहतात. समजा हा करंट ५० मिलिअ‍ॅम्पिअर आहे. दिवसाला १.२ अ‍ॅम्पिअर-अवर झाले, २० दिवसांत २४. छोट्या गाडीची बॅटरी ३५ ची असते, म्हणजे गाडी न हलवता दोन तृतीयांश बॅटरी संपली. शिवाय रिकामी पडून राहिलेल्या बॅटरीत प्लेटांवर कडक थर बसतो, मग ती पुन्हा पूर्ण भरत नाही. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर निगेटिव्ह वायर काढून ठेवा. आठवड्यातून एकदा पाच मिनिटं जागेवर चालू करून बंद केल्याने काही होत नाही. निदान अर्धा-पाऊण तास रस्त्यावर चालवावी लागते. मुदखेड-नांदेड एक फेरी या कामाला पुरते.

तिसरी गोष्ट कार्यकर्त्यांच्या ओळखीची. १४ एप्रिलला ऐन उन्हात मिरवणूक, आणि गाडीच्याच बॅटरीवर अ‍ॅम्प्लिफायर. हिशेब करून पाहा : ३०० वॅट म्हणजे १२ व्होल्टवर २५ अ‍ॅम्पिअर. इंजिन बंद ठेवून ६५ ची बॅटरी कागदावर अडीच तास चालेल, प्रत्यक्षात त्याच्या बऱ्याच आधी मान टाकेल. गाडीची बॅटरी सेल्फसाठी दोन-चार सेकंद मोठा झटका द्यायला बनवलेली असते, तासन्‌तास पुरवठा करायला नव्हे. तिच्या प्लेटा पातळ असतात. दोन-तीन वेळा अशी पूर्ण पिळली की तिचं अर्धं आयुष्य संपलं समजा. साऊंडसाठी वेगळी, इन्व्हर्टरला वापरतात तसली जाड प्लेटांची बॅटरी लावा किंवा जनरेटर भाड्याने घ्या. ज्या पोराच्या पोटापाण्याची गाडी आपण मिरवणुकीला घेतो, त्याला दुसऱ्या दिवशी बॅटरीचा भुर्दंड पडत असेल तर मंडळाने वर्गणीतून तो भरून द्यायला हवा. हे कुणी बोलून दाखवत नाही म्हणून इथे लिहिलं.

दुकानात

बॅटरी निवडताना गाडीच्या पुस्तकातला आकडा किंवा जुन्या बॅटरीवरचं लेबल हाच आधार. छोट्या पेट्रोल गाड्यांना साधारण ३५ ते ४५ अ‍ॅम्पिअर-अवर, डिझेलला ६० ते ८० च्या आसपास. "मोठी टाका, जास्त टिकेल," हा सल्ला अर्धवट आहे. थोडी मोठी चालते, पण ती ट्रेमध्ये घट्ट बसली पाहिजे. पट्टी नीट लागली नाही तर आपल्या रस्त्यांवरचे हादरेच तिला खातात. लहान तर कधीच घेऊ नका.

लेबलवर ३८बी२०एल असं काही लिहिलेलं असतं. त्यातला २० हा लांबीचा आकडा, सेंटीमीटरमध्ये. शेवटचं एल किंवा आर हे पॉझिटिव्ह-निगेटिव्ह कोणत्या बाजूला ते सांगतं. हे चुकलं तर वायर पुरत नाही आणि ओढूनताणून उलटी लावली तर गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स जळतात. सिग्नलला आपोआप बंद होणारं इंजिन असलेल्या गाडीला त्यासाठीचीच बॅटरी लागते, साधी घालून पैसे वाचत नाहीत. मारुतीच्या स्मार्ट हायब्रिड गाड्यांत एक छोटी लिथियमची बॅटरी वेगळी असते, तिला रस्त्यावरच्या गॅरेजमध्ये हात लावू देऊ नका.

उत्पादनाची तारीख बघा. दुकानात पडून राहिलेली बॅटरीही हळूहळू उतरत जाते. प्रत्येक कंपनीचा कोड वेगळा असतो, दुकानदाराकडून वाचून घ्या आणि तीन महिन्यांपेक्षा जुना माल असेल तर दुसरा मागा. ओळखीने मिळणारी 'रिपेअर केलेली' बॅटरी मात्र टाळाच. जुना डबा, नवं स्टिकर, आणि वॉरंटी दुकानदाराच्या तोंडाची.

खऱ्या वॉरंटीतही बारकावे आहेत. '२४+२४' याचा अर्थ चार वर्षं फुकट बदलून मिळणार असा नाही. पहिल्या २४ महिन्यांत बदलून मिळते. पुढच्या २४ मध्ये नव्या बॅटरीवर फक्त सूट, आणि तीही छापील किमतीवर. दुकानदार एरवीच छापील किमतीपेक्षा कमी घेत असतो, त्यामुळे शेवटच्या महिन्यांतली ही सूट पुष्कळदा नावापुरती उरते. म्हणजे दोन बॅटऱ्यांची तुलना करायची ती पहिल्या आकड्यावर. बदलून मिळालेल्या बॅटरीला साधारणपणे नवी वॉरंटी नसते, जुनीचीच उरलेली मुदत चालते. आणि पिवळ्या पाटीच्या गाडीला बऱ्याच कंपन्या कमी महिने देतात. भाड्याची गाडी असेल तर हे आधी विचारा.

पक्कं बिल घ्या, त्यावर बॅटरीचा नंबर लिहून घ्या, वॉरंटीची नोंद दुकानातच मोबाईलवर करून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून या बॅटऱ्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे, बिलात दर तपासा. वॉरंटी नाकारली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहे. पुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षांची. कच्च्या चिठ्ठीवर मात्र तिथे तोंड उघडायला जागा राहत नाही.

बसवताना आणि निगा राखताना लक्षात ठेवायचं थोडंच आहे. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी, म्हणजे पान्हा बॉडीला लागला तरी ठिणगी पडत नाही. टर्मिनलवरची भुकटी खायच्या सोड्याच्या कोमट पाण्याने धुवा, सोडा कप्प्यात जाऊ देऊ नका, कोरडं करून व्हॅसलीन लावा. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर उन्हाळ्यात दर महिन्याला पातळी बघा. कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर. बोअरचं पाणी नको, आणि अ‍ॅसिड तर मुळीच नको. चार्जिंग होताना हायड्रोजन निघतो, जवळ बिडी-सिगारेट नको. धक्का मारायची वेळ आली आणि शेजारी ट्रक दिसला, तर केबल जोडण्याआधी विचार करा : बहुतेक ट्रक २४ व्होल्टचे असतात, आपली गाडी १२ ची.

जुनी बॅटरी कुठे जाते?

लहान बॅटरी ९-१० किलोची असते आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग शिशाचा. म्हणूनच तिला भंगारातही चांगला भाव येतो. चारशे-पाचशे रुपये जास्त देणारा एखादा फिरता खरेदीदार ती नेतो, अ‍ॅसिड नालीत ओततो आणि वस्तीच्या कडेला भट्टी लावून शिसं वितळवतो.

सेनेगलमध्ये डाकारजवळच्या थियारोये-सुर-मेर या वस्तीत असंच चाललं होतं. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात तिथे १८ मुलं शिशाच्या विषबाधेने दगावली. जगात दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात घातक पातळीचं शिसं असल्याचा अंदाज युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालात आहे आणि अशा उघड्यावरच्या बॅटरी-भट्ट्या हे त्यातलं एक मोठं कारण सांगितलं आहे. शिशाची सुरक्षित अशी कुठलीही पातळी नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते मुलांच्या मेंदूवर बसतं, अभ्यासातलं लक्ष आणि बुद्धी कमी करतं, आणि हे नुकसान नंतर भरून येत नाही. भट्टीवर काम करणाऱ्याच्या कपड्यांवरून ही धूळ घरच्या लेकरांपर्यंत जाते. भंगार वेचणारी, फोडणारी माणसं कुठल्या वस्त्यांतली असतात, हे आपल्याला कुणी सांगायची गरज नाही.

बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ नुसार विकलेल्या बॅटऱ्या गोळा करून नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रांपर्यंत पोचवण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. त्यामुळे अधिकृत दुकानात नवी घेताना जुनी परत द्या आणि तिचे पैसे बिलात वेगळे वजा करून घ्या. दोन दुकानांत भाव विचारा, जुन्या बॅटरीच्या भावातही फरक असतो. मंडळ, ग्रंथालय किंवा विहाराच्या इन्व्हर्टरची जुनी बॅटरी कोपऱ्यात पडून असेल तर तीही याच वाटेने द्या. नेताना ती उभीच ठेवा, आडवी नको. अ‍ॅसिड अंगावर उडालं तर लगेच भरपूर पाण्याने धुवत राहा, डोळ्यात गेलं तर धूत धूतच दवाखाना गाठा.