रक्त येते म्हणून ब्रश सोडू नका

"डॉक्टर, ब्रश केला की हिरड्यांतून रक्त येते, म्हणून महिनाभर नुसती चूळ भरतो." आठवड्यातून दोनतीनदा तरी हे वाक्य माझ्या कानी पडते. खरी चूक इथेच होते.

दात आणि हिरडी जिथे मिळतात त्या कडेला जंतूंचा चिकट, पांढुरका थर साचत असतो. तो रोज निघाला नाही तर हिरडी लाल होते, सुजते आणि जरा धक्का लागताच रक्त येते. १९६५ साली डेन्मार्कमध्ये १२ निरोगी व्यक्तींना दात घासणे बंद करावयास सांगितले. १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासू लागल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या! या टप्प्यावर रोग पूर्ण बरा होतो. दुर्लक्ष केल्यास त्या थराचे कडक कीटण बनते, काहींच्या बाबतीत सूज खोल उतरते आणि दाताला धरून ठेवणारे हाड झिजते. ते आपोआप भरून येत नाही.

मशेरी लावणाऱ्या एक मावशी मला अभिमानाने म्हणाल्या, "माझ्या हिरड्यांतून कधी रक्ताचा थेंब आला नाही." त्यांचे खालचे चार दात बोटाने हलत होते. तंबाखूमुळे हिरडीतील बारीक रक्तवाहिन्या आकसतात. त्यामुळे रक्त कमी येते. आत हाड मात्र झिजतच राहते. दुखले नाही, म्हणून मावशी आल्या नव्हत्या. दोन दात काढावे लागले.

दात साफ करून घेतले की ते सैल होतात, हा आणखी एक गैरसमज. हाड झिजलेले दात कीटणाच्या आधाराने घट्ट वाटत असतात, ते निघाले की खरी स्थिती कळते, इतकेच.

ब्रश मऊ घ्या. तो हिरडीच्या कडेला तिरका टेकवून सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी दोन मिनिटे हलक्या हाताने फिरवा. सुरुवातीला रक्त येईल, घाबरू नका. आठदहा दिवसांतही थांबले नाही तर दंतवैद्याला दाखवा. मधुमेह असल्यास तेही सांगा, कारण रक्तातील साखर वाढलेली असली की हिरड्या लवकर बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात ठेवणे अवघड जाते. मशेरी, तंबाखू लावत असाल तर रक्ताची वाट न पाहता या.