उंदराचा पाय सावरला, पण माणसाचा?

विड्या ओढून ओढून पायाची बोटे काळी पडू लागली, की घरात ‘पाय कापावा लागेल’ या वाक्यापाठोपाठ हल्ली ‘स्टेम सेल’ (मूलपेशी) हा शब्द येतो. त्यामागे बहुधा एक बातमी असते: मानवी मूलपेशी टोचल्यावर उंदराच्या पायात नव्या रक्तवाहिन्या फुटल्या. बातमी खरीच असते, गैरसमज होतो तो तिच्या अर्थाचा. या प्रयोगात उंदराच्या मांडीतली मुख्य धमनी बांधून पायाचा रक्तपुरवठा तोडतात. मानवी पेशी त्याच्या शरीराने परक्या म्हणून नाकारू नयेत, यासाठी प्रतिकारशक्ती जवळजवळ नसलेला उंदीर निवडतात. तो तरुण असतो, त्याला ना मधुमेह ना विडी. त्याची धमनी वर्षानुवर्षे आक्रसत गेलेली नसते, एका दुपारी बंद केलेली असते. शिवाय शेजारच्या बारीक वाहिन्या रुंदावून त्याचा पाय बराचसा आपोआपच सावरतो. म्हणजे परीक्षा सोपी, आणि परीक्षार्थीही निरोगी.

‘पेशी मानवी आहेत, मग निकालही माणसाला लागू’ हा युक्तिवाद इथेच कोसळतो. पेशी माणसाच्या असल्या तरी त्यांना भेटणारे शरीर उंदराचेच असते. टोचलेल्या पेशींपासून थेट नवी नळी तयार होते, ही समजूतही बरीचशी चुकीची आहे. बहुतेक पेशी थोड्याच काळात मरतात. त्यांनी स्रवलेली रसायने आसपासच्या वाहिन्यांना वाढायला चेतवतात, असे आज मानले जाते. आणखी एक अडचण एकसारखेपणाची आहे. गोळीची एक बॅच दुसरीसारखी निघते; दात्यागणिक बदलणाऱ्या जिवंत पेशींबाबत तशी हमी देणे फार कठीण.

मग जनावरांवरच्या चाचण्या निरर्थक आहेत का? हा उलट्या टोकाचा गैरसमज. पेशी शरीरात कुठे जातात, गाठ धरतात का, किती मात्रा झेपते, हे माणसाला टोचण्याआधी कळलेच पाहिजे. परिणामाचा निवाडा मात्र माणसांवरच होतो. नेदरलँड्समधल्या ‘जुव्हेंटास’ चाचणीत (2015) पायाचा रक्तपुरवठा गंभीररीत्या खुंटलेल्या 160 रुग्णांपैकी काहींच्या मांडीच्या धमनीत त्यांच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी सोडल्या, उरलेल्यांना नुसता दिखाऊ द्रव दिला. पाय कापावे लागण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. विशेष म्हणजे वेदना आणि जगण्याची प्रत दोन्ही गटांत सुधारली. तुलनेचा गट नसता, तर हे श्रेय पेशींनाच गेले असते.

‘पण भारतात तर परवानगी आहे!’ आहे. बेंगळुरूच्या स्टेमप्युटिक्सच्या ‘स्टेमप्युसेल’ला 2016 मध्ये तंबाखूशी जोडलेल्या बर्जर रोगासाठी मर्यादित परवानगी मिळाली आणि 2020 मध्ये तिची व्याप्ती वाढली. हे उत्पादन अनेक दात्यांच्या पेशी एकत्र करून बनवतात आणि पोटरीच्या स्नायूत टोचतात. पण ही परवानगी त्या एका उत्पादनाला, ठरावीक आजारासाठी आहे. पाटीवर ‘स्टेम सेल’ लिहिणाऱ्या प्रत्येक दवाखान्याला नव्हे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मान्यता नसलेला असा उपचार फक्त चाचणी म्हणूनच देता येतो, आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत.

तेव्हा कोणी उंदराचा फोटो दाखवून लाखांचा आकडा सांगितला, तर आधी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीतला नोंदणी क्रमांक मागा. आणि विडी आजच सोडा. बर्जर रोगात पाय वाचवण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय अजूनही तोच आहे.