झुडपाआडची दोन माणसं

गटाचा हिशेब, कर्जाचे हप्ते, पापड-मसाल्याची विक्री यांवर आपण नेहमीच बोलतो. आज आम्ही एका चित्राची ओळख करून देणार आहोत. चित्र दूर युरोपातलं आहे, पण त्यातली माणसं शेतीवर जगणारी आहेत.

चेक, पोलिश, रशियन, सर्ब अशा अनेक लोकांना मिळून स्लाव म्हणतात. त्यांच्या भाषा एकमेकींच्या बहिणीच. अल्फोन्स मुखा हा चेक चित्रकार १८६० मध्ये जन्मला. पॅरिसमध्ये नाटकांची पोस्टर आणि बिस्किटांच्या जाहिराती काढून त्यानं मोठं नाव कमावलं. पण आपल्या लोकांची गोष्ट रंगवायची, हे त्याच्या मनात होतं. तेव्हा चेक लोकांवर ऑस्ट्रियाच्या सम्राटाचं राज्य होतं. चार्ल्स क्रेन या अमेरिकन श्रीमंतानं पैशाची मदत केली आणि मुखानं २० प्रचंड चित्रं काढली. त्या मालिकेला ‘स्लाव महाकाव्य’ म्हणतात.

त्यातलं पहिलं चित्र १९१२ चं आहे. रुंदी सुमारे ८ मीटर, उंची सुमारे ६ मीटर, म्हणजे दुमजली घराची भिंतच म्हणा. त्यात दीड हजार वर्षांहून जुना काळ आहे. चांदण्यांनी भरलेली निळी रात्र. लांबवर गाव जळतंय. लुटारू घोडेस्वार निघालेत. आणि अगदी पुढे, झुडपात दबा धरून बसलेत एक बाई आणि एक पुरुष. अंगावर पांढरे कपडे. दोघांचे घाबरलेले डोळे सरळ आपल्याकडे लागलेत.

वर उजवीकडे एक पुजारी हात पसरून देवाची करुणा भाकतोय. त्याच्या एका बाजूला तरुण आहे, दुसऱ्या बाजूला मुलगी. तरुण म्हणजे न्यायासाठीची लढाई, मुलगी म्हणजे शांतता. ही माणसं हवेत तरंगतात. असं खरं कसं असेल? पण आपण कलश मांडतो तेव्हा नुसता तांब्या आणि नारळ बघतो का? त्यात आपल्याला मंगल दिसतं. तसंच हे. दिसतं त्यामागचा अर्थ सांगणाऱ्या अशा चित्रांना प्रतीकवादी चित्रं म्हणतात.

आम्हाला या चित्रातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. आपल्या लोकांची सुरुवात दाखवायची तर मुखाला राजा, किल्ला, विजयाची मिरवणूक काढता आली असती. त्यानं घर जळालेलं जोडपं काढलं. लुटारू लांब आणि लहान ठेवले; लपलेल्यांना पुढे आणलं. त्यात बाई पुरुषाच्या मागे नाही, बरोबरीनं आहे. जीव वाचवून जी माणसं उरली, त्यांच्यापासून आपण झालो, असं तो सांगतो.

१९१८ मध्ये चेक आणि स्लोवाक लोकांचा स्वतंत्र देश झाला. १९२८ मध्ये मुखानं ही सगळी चित्रं प्राग शहराला भेट दिली. पण १९३९ मध्ये हिटलरचं सैन्य प्रागमध्ये शिरलं. गुप्त पोलिसांनी म्हाताऱ्या मुखाची चौकशी केली आणि त्याच वर्षी तो वारला. युद्धात ही चित्रं गुंडाळून लपवून ठेवावी लागली. लपलेल्या माणसांचं चित्रही असं लपून राहिलं आणि वाचलं. १९६३ पासून मोराव्स्की क्रुमलोव या गावच्या वाड्यात लोकांना ती पुन्हा बघायला मिळू लागली.

पुढच्या बैठकीत कुणाच्या तरी मोबाईलवर हे चित्र काढा. आधी काही सांगू नका. ती बाई कुणाकडे बघते आणि तिला काय विचारायचं असेल, एवढंच एकेकीला बोलू द्या. जिला वाचता येत नाही, तिच्यापासून सुरुवात करा. चित्र बघायला अक्षर लागत नाही.