गरम पाणी: दाब टाकीला, ताप घराला

उंच इमारती, शॉवर आणि प्रेशर पंप आले, तसा न्हाणीघरातला साधा गीझरही बदलला. तो बसवताना मात्र जुन्याच सवयी चालू आहेत.

जानेवारीची सकाळ. हेब्बाळच्या तळ्यावर अजून धुके आहे. उड्डाणपुलावर विमानतळाकडे निघालेल्या गाड्यांची रांग लागली आहे, आणि तळ्याभोवतीच्या इमारतींत घराघरांतून एकच हाक ऐकू येते, ‘अगं, गीझर लावलास का?’ मुलांना शाळेची बस गाठायची, नवराबायको दोघांनाही ऑफिस गाठायचे, आणि गावाहून आलेल्या आजींना आंघोळीशिवाय चहा चालत नाही. एका तासात चार आंघोळी.

बंगलोरच्या थंडीची तशी कुणी धास्ती घेत नाही. जानेवारीत पारा पंधरा-सोळा अंशांपर्यंत उतरतो. येथील नोंदलेले सर्वांत कमी तापमान ७.८ अंश, तेही १८८४ सालच्या जानेवारीतले. त्यामुळे इंग्लंडसारखी खोल्या तापवण्याची यंत्रणा येथे कुणी बसवत नाही. तापवायचे ते पाणी.

बंबाची आठवण

पुण्या-नागपूरकडून नोकरीसाठी येथे आलेल्या मराठी कुटुंबांतल्या वडीलधाऱ्यांना तांब्याचा बंब चांगला आठवतो. मधल्या नळीत कोळसे किंवा लाकडाच्या ढलप्या, भोवती पाणी. वर नसराळ्यातून गार पाणी ओतायचे, ते थेट तळाशी जायचे आणि तेवढेच कढत पाणी तोटीतून बादलीत पडायचे. गार पाणी जड म्हणून खाली, गरम हलके म्हणून वर, एवढेच त्यातले शास्त्र. कर्नाटकातल्या जुन्या घरांतही न्हाणीघराच्या कोपऱ्यात चुलीवर पक्का बसवलेला हंडा असे. दोन्हींचा मोठा गुण म्हणजे ती भांडी वरून उघडी होती. पाणी फुगले, उकळले, तरी वाफेला वाट होती.

आजचा गीझर आतून बंबच आहे. गार पाणी तळाशी शिरते आणि वरचे गरम पाणी बाहेर ढकलते. फरक एकच, तो चारी बाजूंनी बंद आहे. आणि सारा घोळ येथेच सुरू होतो.

थेंब पडतो, पडू द्या

गच्चीवरच्या टाकीपासून दर दहा मीटर खाली आले की नळातला दाब सुमारे एक किलोने वाढतो. दुमजली घरात याचे काही वाटत नाही. वीस मजली इमारतीत मात्र तळमजल्याच्या गीझरवर सहा किलोंच्या आसपास दाब येऊ शकतो. म्हणून उंच इमारतीसाठी गीझर घेताना त्यावर आठ बार दाब सोसण्याची क्षमता लिहिलेली आहे का, ते पाहावे. खालच्या मजल्यांसाठी दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवला आहे का, हेही सोसायटीला विचारावे. सर्वांत वरच्या मजल्याचे रडगाणे उलटे. तेथे शॉवरला धारच नसते, म्हणून प्रेशर पंप येतो.

दुसरा दाब पाण्याचा स्वतःचा. वीस अंशांचे पंचवीस लिटर पाणी पासष्ट अंशांपर्यंत तापवले, तर ते जवळजवळ अर्धा लिटर फुगते. ते जाणार कोठे? मागे परत जाऊ नये म्हणून गार पाण्याच्या नळीवर एकमार्गी झडप असते. मग उरते ती गीझरखालची छोटीशी सुरक्षा झडप. दाब वाढला की ती थोडे पाणी टपकवते. टपकणे हेच तिचे काम.

पण घरात काय होते? ‘सारखं ठिबकतंय, फरशी ओली होते,’ अशी तक्रार झाली की एखादा घाईतला प्लंबर तिच्या तोंडावर टोपी बसवून मोकळा होतो. घर कोरडे, सगळे खूश. पुढे कधी थर्मोस्टॅट अडकला आणि जादा ताप झाल्यावर वीज तोडणारा कटआउटही चालला नाही, तर बंद टाकीतले पाणी शंभर अंशांच्या वर जाते आणि दाबामुळे पाणीच राहते. टाकी फाटली की त्या पाण्याची क्षणात वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सोळाशेपट जागा लागते. दार आणि भिंत उडायला तेवढे पुरते.

इंग्लंडमध्ये पूर्वी घरोघरी माळ्यावर गार पाण्याची उघडी टाकी असे आणि तिच्या खाली गरम पाण्याचे नळकांडे, अगदी आपल्या गच्चीवरच्या टाकीसारखेच. दाबाच्या बंद नळकांड्यांना तेथे १९८०च्या दशकाच्या मध्यावर परवानगी मिळाली, तीही अटी घालून. थर्मोस्टॅट, वेगळा कटआउट आणि तापमान-दाबाची झडप अशा तीन पायऱ्यांचे संरक्षण हवे, बसवणारा त्या कामाचे शिक्षण घेतलेला हवा, आणि झडपेतून पडणारे पाणी डोळ्यांना दिसले पाहिजे. ही शेवटची अट फारच शहाणपणाची. आपल्याकडे झडपेला एक नळी जोडून ती मोरीच्या जाळीवर सोडली, तरी काम भागते.

सोलरवाल्यांची वेगळी गोष्ट

बंगलोर हे सोलर हीटरचे शहर. २००७ मध्ये कर्नाटक सरकारने ठराविक आकारापुढच्या नव्या घरांना ते सक्तीचे केले. शंभर लिटरच्या यंत्राला साधारण दोन चौरस मीटरचा पत्रा लागतो. शंभर लिटर पाणी तीस अंशांनी तापवायला साडेतीन युनिट वीज लागते, म्हणजे उन्हाच्या दिवशी तेवढी वाचते. जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत मात्र विजेची जोड लागतेच.

गच्चीवरची साधी सोलर टाकी बंबाच्या जातीची असते. तिला हवेची उभी नळी असते आणि तिला दाब सोसत नाही. शॉवर जोरात यावा म्हणून कोणी पंप या टाकीच्या आधी बसवला, तर पाणी हवेच्या नळीतून गच्चीवर उडते, किंवा टाकीचा सांधाच सुटतो. हवेची नळी बंद केली आणि टाकी रिकामी झाली, तर ती आत चेपते. पंप टाकीच्या पुढे, गरम पाणी सोसणारा घ्यावा. फक्त गार पाण्याला पंप लावला, तर मिक्सरमधून गार पाणी उलटे गरम नळीत घुसते, आणि सून म्हणते सोलर बिघडला. दाबाचीच सोलर टाकी हवी असेल तर ती मुळात तशीच बनवलेली घ्यावी.

दूरच्या न्हाणीघराचा प्रश्न

गच्चीपासून बारा मजले खाली, म्हणजे छत्तीस मीटर नळी. तिच्यात दहा-अकरा लिटर गार पाणी अडकून असते. गरम यायच्या आधी ते सगळे मोरीत जाते. २०२४ च्या उन्हाळ्यात ज्या शहरात बोअरवेल आटल्या आणि पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली तर पाच हजारांचा दंड लागला, तेथे ही उधळपट्टी बघवत नाही. नळ्यांना फोमचे आवरण आणि मुख्य नळीत पाणी फिरते ठेवणारा लहान पंप, हा त्यावरचा उपाय. विलायतेत घराचे भाग पाडून प्रत्येकाला वेगळा थर्मोस्टॅट आणि वेगळी झडप देतात. येथे तीच युक्ती पाण्यापुरती वापरता येते: स्वयंपाकघराला तीन लिटरचा छोटा गीझर, आजींच्या न्हाणीघराला वेगळा, मुलांना सोलर. ज्याला हवे तेथेच आणि हवे तेव्हाच पाणी तापते.

तापमान किती ठेवावे? साठवणीचे पाणी साठ अंशांच्या आसपास असावे, कारण कोमट साठ्यात लीजिओनेला नावाचे जंतू वाढतात. पण साठ अंशांचे पाणी पाचेक सेकंदांत कातडी भाजते. लहान मुले किंवा वृद्ध घरात असतील, तर नळाआधी तापमान ठरवून देणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवलेला बरा.

बोअरचे पाणी जड असेल तर रॉडवर पांढरा थर चढतो आणि वीज जास्त जाते. दोनेक वर्षांनी गीझर उघडून तो खरवडावा आणि आतला मॅग्नेशियमचा दांडा झिजला असेल तर बदलावा. अर्थिंग आणि तीस मिलीअँपिअरचा आरसीसीबी यांत काटकसर नको. गॅस गीझर तर बंद न्हाणीघरात बसवूच नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि दार लावून आंघोळ करणाऱ्याला काय होते आहे ते कळायच्या आत शुद्ध जाते.

प्लंबर निघायच्या आधी एक गोष्ट त्याच्यासमोरच करून घ्यावी. गीझर चालू करून अर्धा तास थांबावे आणि झडपेखाली तांब्या ठेवावा. पाणी टपकले, तर पैसे द्यावेत. नाही टपकले, तर झडपेवर टोपी नाही ना, ते आधी बघून घ्यावे.