मोडीचा भाव

पुण्यात कोथरूड-बाणेरच्या नव्या फ्लॅटांत हल्ली तांब्याचा बंब दिसतो. मोरीत नव्हे, दिवाणखान्यात. पोटात मनीप्लँट, शेजारी पितळी समई. ज्यांनी बंबाच्या कढत पाण्यानं दिवाळीची पहिली आंघोळ केली, त्यांना हसू येईल. मला त्यात काही वावगं वाटत नाही. गिझर आल्यावर बंब मोडीतच निघायचा, तो निदान घरात राहिला. पण सणासुदीला 'पर्यावरणपूरक' अशी चिठ्ठी लावून जे जे विकलं जातं, त्यातलं किती या बंबाइतकं खरं असतं? माझी कसोटी साधी आहे : वस्तू फुटली किंवा तिचा कंटाळा आला, तर ती परत घ्यायला कुणी आहे का?

तांब्याच्या बाबतीत आहे. कसबा पेठेतली तांबट आळी पेशवाईपासूनची. भांड्याला आकार आला की तांबट ते भट्टीत लाल तापवतो. तांबं मऊ पडतं आणि काळंही. आंबट पाण्यात बुडवून, चिंचेनं घासून तो काळेपणा काढला की मठारायला घ्यायचं. भांडं खोडव्याच्या काटकोनी दांड्यावर धरून, तोंड घासून गुळगुळीत केलेल्या हातोडीनं तळाच्या मध्यापासून ठोके सुरू होतात. गोल गोल, एकाला लागून एक. एक ठोका सरकला तर पुढची सगळी ओळ वाकडी दिसते. या ठोक्यांनी उमटणाऱ्या लखलखीत टिकल्यांना आपण नक्षी समजतो, पण मुळात ती मजबुतीची सोय आहे. ठोका बसेल तसं तांबं कडक होत जातं, म्हणून पातळ पत्र्याचा हंडाही पिढ्यान् पिढ्या टिकतो. यंत्रावर छापलेल्या नकलेत सगळ्या टिकल्या एकसारख्या असतात, त्यावरून ती ओळखावी.

स्टीलनं हंडे-घंगाळी मोडीत काढली आणि आळीतल्या भट्ट्या कमी झाल्या. पुढे वारसा जपणाऱ्या 'इंटॅक'ची पुणे शाखा आणि 'स्टुडिओ कॉप्र' हा ब्रँड यांनी याच कारागिरांकडून तबकं, दिव्यांच्या छत्र्या, फुलदाण्या असं नव्या घरात खपेल ते करून घ्यायला सुरुवात केली. वस्तू बदलल्या, हात तेच राहिले. आणि जुन्या तांब्याचा हिशेब अजून वजनावरच चालतो : मोड काट्यावर टाकायची, घट वजा करायची, उरलेली रक्कम नव्या भांड्यात वळती करायची. फक्त घेताना त्यावर लॅकर चढवलं आहे का, ते विचारून घ्यावं. लॅकर चढवलेलं तांबं काही वर्षं चिंच-मिठाशिवाय चमकतं खरं, पण थर निघू लागला की डागाळतं, आणि मग तो सगळा काढल्याशिवाय गत्यंतर नसतं.

कसब्यातच कागदीपुरा आहे. हातकागदाचा तो जुना धंदा गेला, नाव राहिलं. कागद मात्र पुण्यात पुन्हा उभा राहिला तो शिवाजीनगरला. गांधीजींच्या प्रेरणेनं के. बी. जोशी यांनी हातकागद संस्था काढली; १९४० साली पंडित नेहरूंच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. इथे झाड लागत नाही, सुती चिंध्या लागतात. त्यांचा लगदा करून साच्यावर उचलायचा, दाबून पाणी काढायचं, वाळवायचं. धागे लांब, त्यामुळे कागद चिवट. दिव्याची छत्री, वह्यांची बांधणी, भिंतीवरची चौकट यांना तो चांगला टिकतो, आणि फाटला तर पुन्हा लगदा व्हायला तयारच.

प्लास्टिकची गोष्ट इतकी सरळ नाही. २३ मार्च २०१८च्या अधिसूचनेनं राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांबरोबर सजावटीच्या थर्माकोलवरही बंदी आली आणि गणपतीची मखरं पुठ्ठ्याकडे, बांबूकडे वळली. वेफर्सच्या चकचकीत वेष्टनांचं काय, हा प्रश्न तसाच राहिला. प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले, म्हणून भंगारवालाही त्यांना हात लावत नाही. अमिता देशपांडे यांची पुण्यातली 'रिचरखा' नेमका हाच माल घेते. वेष्टनं धुऊन, वाळवून, रंगवार निवडतात. कात्रीनं त्यांच्या पट्ट्या कापतात. पट्ट्या चरख्यावर गुंडाळून हातमागावर विणतात. निळ्या-चंदेरी पट्ट्यांचं टेबलावरचं आच्छादन लांबून पाहिलं तर वेष्टन आठवतही नाही. माझ्या कसोटीला ते पुरतं उतरत नाही, कारण विणलेलं प्लास्टिक पुन्हा कुणी घेणार नाही. पण ज्या कचऱ्याला घेणारंच कुणी नव्हतं, तो काही वर्षं घरात राहतो आणि विणणाऱ्या हातांना मजुरी मिळते, हेही थोडं नव्हे.

मुळात निवडणाऱ्या हातांशिवाय यातलं काहीच जमत नाही. 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था २००८पासून महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करते. तिचे सभासद ३,०००हून अधिक आहेत. दिवाळीच्या साफसफाईत आपण ओल्या कचऱ्यात कोंबलेली काच त्यांच्याच बोटांना लागते. हजारो रुपयांचा 'रिसायकल्ड' दिवा घेऊन घरचा ओला-सुका कचरा वेगळा न करणं, ही मला निव्वळ ऐट वाटते.

वस्तू शोभेची की वापराची, या नजरेनं शुक्रवार पेठेतलं राजा केळकर संग्रहालय एकदा पाहावं. दिनकर केळकरांनी १९२०च्या सुमारास सुरू केलेला संग्रह पुढे वीस हजारांवर गेला. अडकित्ते, करंडे, दिवे, पाय घासायच्या वज्र्या. नुसती शोभेची वस्तू त्यात शोधावी लागते. मोर आहे तो वज्रीच्या मुठीवर, म्हणजे रोज हातात येणाऱ्या ठिकाणी.

माझी कसोटी लावून यंदा आकाशकंदील घेणार असाल तर बांबूच्या कामट्यांचा घ्या आणि सांगाडा दोऱ्यानं बांधलेला आहे ना, ते पाहा. खळीनं चिकटवलेला कागद दिवाळीनंतर ओला करून सोलता येतो. सांगाडा माळ्यावर ठेवा आणि पुढच्या वर्षी फक्त पतंगी कागद आणा. आत एलईडीच लावा. जुन्या पिवळ्या बल्बच्या उष्णतेनं कागद करपतो.